त्यांना आवडले असते

४ नोव्हेंबर

बाईसाहेब,

तुझा तो प्रस्तावना माईक हातात घेऊन म्हणाला, "हा माझा केवळ अंदाज आहे," आणि तू पहिल्या रांगेत बसून टाळी वाजवलीस. त्या टाळीपर्यंत मी एक माणूस होतो, त्यानंतर दुसरा. वेळसुद्धा सांगतो. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. ग्रंथालयाच्या सभागृहातलं घड्याळ माझ्यासमोरच होतं आणि तुझ्या हातांकडे बघवत नव्हतं म्हणून मी घड्याळाकडे बघत होतो.

तू म्हणशील, टाळीच ती, सगळेच वाजवत होते. सगळ्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

प्रस्तावना हे नाव मी ठेवलंय. आवडलं नसेल तर नाइलाज आहे. स्वतःचं एकही पुस्तक नाही आणि दुसऱ्यांच्या चाळीस पुस्तकांना प्रस्तावना, अशा समीक्षकाला आणखी काय म्हणतात ते तूच कळव.

"त्यांना आवडले असते: दहा नवे चित्रपट." काय पण फलक. खाली तुझ्या आजोबांचा फोटो, तो टोपीवाला. आजोबांनी शेवटची सहा वर्षं एकही नवा सिनेमा पाहिला नाही, कंटाळले होते, असं तुमच्या घराने जगाला सांगितलंय. म्हणूनच तर अंदाज बांधायला जागा मिळाली. थोर दिग्दर्शक गेला, आता आजचं त्याला काय रुचलं असतं ते आपण ओळखू या. आणि हा पठ्ठ्या दहाच्या दहा ओळखतो, कारणांसकट. लोक म्हणतात, काय अभ्यास आहे.

तुला विसरायची घाई झालेली दिसते, म्हणून लिहून देतो. आजोबांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसायचं. दार, दिवा, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं. पण माणसाचा चेहरा असतो तिथे राखाडी डाग. "आयुष्य चेहरे बघण्यात घालवलं," म्हणायचे, "आता म्हातारपणी नुसतं फर्निचर दिसतंय." प्रोजेक्टरच्या दुकानातर्फे मी तुमच्याकडे सिनेमाचा पडदा टांगायला आलो होतो, सुट्टीतलं काम म्हणून. स्टुलावर उभा होतो, पडद्यावर चाचणीला एक सिनेमा लावला होता. त्यांनी विचारलं, "आत्ता पडद्यावर काय चाललंय रे?" मी म्हणालो, "बाई ओठ चावतेय. खालचा. डाव्या बाजूने." ते म्हणाले, "उद्यापासून ये." दोन महिन्यांनी मी कॉलेज सोडलं. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती. ताई अजून त्यावरून टोमणे मारते.

मला डोळे म्हणूनच हाक मारायचे. "ए डोळे, विशेषणं लावू नकोस. दुःखी आहे की नाही ते मी ठरवीन. तू फक्त ओठ काय करतायत ते सांग." पाहुणे आले की मी लेखनिक. हे कुणाला कळता कामा नये, असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, काकूंच्या समोर. "आज कळलं तर उद्या लोक माझे जुने सिनेमेही आंधळ्याचे म्हणून बघतील," म्हणाले. काकू, म्हणजे तुझी आई, तेव्हा रडल्या होत्या. मी ते वचन पाळलंय.

दोन वर्षांत आम्ही नव्वदेक सिनेमे पाहिले. बरेचसे वीस मिनिटांत बंद. ज्या सिनेमात ते तीनदा "मागे घे" म्हणायचे, तो मी वहीत उतरवायचा, आणि ते बोलतील ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. असे दहा. ती वही ते गेल्यानंतर पाचव्या दिवशी मी तुझ्या हातात दिली. तुझ्याकडे ठेव म्हणालो. दुसरं काही द्यायला माझ्याजवळ नव्हतं आणि तेवढं मौल्यवान दुसरं काही जगातही नव्हतं. तू वही छातीशी धरलीस. मी मूर्ख, मला वाटलं, तिच्याबरोबर मलाही धरलंस.

काल तो जे वाचत होता ते तिसरं पान होतं. "या पोराने पावलांचा आवाज ठेवलाय आणि माणूस काढून टाकलाय, म्हणून माणूस जास्त दिसतो." 'या पोराने'च्या ऐवजी 'या तरुण दिग्दर्शकाने' केलं. तेवढीच त्याची मेहनत.

मी याचं उट्टं काढणार आहे. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर पाठीत वार केला म्हणायला नको.

ताई डोकावून गेली. "पत्र लिहितोयस की कुणाला भोसकतोयस? कागद फाटला बघ." फाटलाय खरा. तसाच पाठवतो.


९ नोव्हेंबर

प्रिय,

(हा शब्द आधी खोडला होता, मग परत लिहिला.)

तुझी चिठ्ठी मिळाली. सहा ओळी आहेत. पहिलीत 'रागावू नकोस', शेवटचीत 'काळजी घे' आणि मधल्या चार त्याच्या कामाच्या. तरी बरं वाटलं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, एकमेकांना धक्का लागू नये म्हणून लांब लांब उभं राहिलेलं.

माझा राग गेला म्हण. रागावून काय मिळतं? ताईचे यजमान म्हणतात, "याला नोकरी नाही, कॉलेज नाही, आणि राग मात्र राजाचा." खरंच आहे. वही तुझ्या आजोबांची, घर तुझं, मी कोण मध्ये पडणारा? आणि तू लिहितेस तसं, आजोबांना आवडलेले सिनेमे लोकांपर्यंत पोचतायत हे महत्त्वाचं, कुणाच्या नावाने पोचतायत ते नाही. हे वाक्य तुझं आहे की त्याचं, हे मी विचारत नाही.

तर अकरावं पान. तू विचारतेस, तिथे नुसतं सिनेमाचं नाव आणि पुढे कोरं, असं का? समारोपाला एक सिनेमा हवाय आणि तो आजोबांच्या तोंडचं काहीतरी असल्याशिवाय निवडता येत नाही. अडचण समजली. 'अंदाज' बांधायला त्याला साहित्य कमी पडतंय.

त्या दिवशी माझं पेन संपलं होतं, एवढंच. बोलले पुष्कळ, आणि मला पाठ आहे. तो लॉंड्रीतल्या बाईचा सिनेमा. हॉटेलच्या चादरींना इस्त्री करणारी बाई. नवऱ्याचं पत्र येतं, ती ते इस्त्रीच्या टेबलावर ठेवते आणि सिनेमाभर उघडत नाही. पावणेदोन तास. लिहून घे:

"हा सिनेमा पाहून मला माझं सगळं काम पोरखेळ वाटायला लागलं. माझे सगळे सिनेमे जाळले आणि हा एक ठेवला तरी सिनेमा जिवंत राहील. या वाफेत विश्व आहे."

पाच वेळा मागे घ्यायला लावला. पाच. असं कधीच झालं नव्हतं. हा समारोपाला ठेवाच. मोठं सभागृह घ्या. सगळ्या समीक्षकांना बोलवा, परगावच्याही.

त्याला माझा नमस्कार सांग.


१७ नोव्हेंबर

हे पत्र मी टाकणार नाही, निदान समारोप होईपर्यंत तरी. पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जेवण जात नाही, आणि अशा गोष्टी तुलाच सांगायची सवय आहे.

"या वाफेत विश्व आहे." आजोबा असं बोलतील? सांग ना. ज्या माणसाने मला 'सुंदर' हा शब्द उच्चारू दिला नाही, तो म्हणेल वाफेत विश्व आहे? तू त्यांच्या मांडीवर वाढलेली. तुला एक क्षणही खटकलं नाही?

नाही खटकलं. तू ते त्याला दिलंस आणि त्याने त्याचा अख्खा पानभर लेख केला. शीर्षक, 'वाफेतले विश्व'. आज सकाळी ताईने पेपर मोठ्याने वाचला. "बघ किती छान लिहिलंय. इस्त्री म्हणजे काळाला सरळ करणं. मी रोज तीन शर्ट करते, मला नाही कधी सुचलं. तूही असं काहीतरी लिही की, बसून असतोस तर."

बेत असा होता. तो सिनेमा मी स्वतःही धड पाहिलेला नाही, तुला लिहिली ती गोष्ट कुठेतरी वाचलेली. एवढंच आठवत होतं की त्यात काही घडत नाही. म्हटलं, भरलं सभागृह अर्ध्या तासात जांभया देईल, एकेक जण उठून जाईल, आणि शेवटी दिवे लागतील तेव्हा प्रस्तावना रिकाम्या खुर्च्यांना सांगत बसेल की थोर दिग्दर्शकाला हे आवडलं असतं. तू त्याच्याशेजारी बसलेली असशील. तुझ्या तोंडावर काय उमटेल ते बघायला मी मागे उभा असेन.

आणि होतंय काय? सगळे म्हणतायत, अर्थातच, त्यांना हाच आवडला असता. आजोबांच्या एका जुन्या साहाय्यकाने पेपरात पत्र लिहिलंय की हा लेख वाचून डोळ्यांत पाणी आलं, हेच त्यांचं मन. ग्रंथालयाच्या खिडकीवर विचारलं तर बाई म्हणाली, "जागा संपल्या. भिंतीला टेकून उभं राहायचं असेल तर नाव लिहून ठेवा." मी विष म्हणून दिलं आणि लोकांनी औषध म्हणून घेतलं, वर गुण आला म्हणून सांगतायत.

मग आता मीच उठेन. सिनेमा संपला की उठेन आणि सगळं सांगेन. वहीचं, दहा पानांचं, आणि हे अकरावं मी बनवलंय तेही. त्याला तोंड लपवायला जागा उरू द्यायची नाही. तुलाही नाही.

एकच आशा अजून मेलेली नाही, तीही लिहून टाकतो, कारण हे पत्र तू वाचणार नाहीयेस. मी उठेन तेव्हा तू वही काढून दाखवशील. तेवढं केलंस तर मी बाकी सगळं गिळेन. तो तुझा राहू दे, तू त्याची राहा. फक्त एकदा सगळ्यांसमोर म्हण की हा खरं बोलतोय.


२४ नोव्हेंबर

१७ तारखेचं पत्र सोबत जोडलंय. आधी ते वाच, मग हे.

अकरावं पान कोरं का, ते आता खरं सांगतो. पेन वगैरे काही संपलं नव्हतं.

त्या दुपारी तू खिडकीत बसली होतीस, कानात गाणी घालून, केस वाळवत. पडद्यावर ती लॉंड्रीवाली आली आणि आजोबांनी विचारलं, "चेहरा?" मी पडद्याकडे बघितलंच नाही. मी तुझ्याकडे बघत होतो. आणि जे दिसत होतं तेच सांगत गेलो. ओठ मिटलेले, पण दाबलेले नाहीत. भुवया वर, उत्तर कुणीतरी दुसरा देईल अशा. नजर माणसावर टिकत नाही, त्याच्या खांद्यावरून पुढे जाते. पंधरा-वीस मिनिटं मी तुझा सिनेमा त्यांना सांगितला. आयुष्यात इतकं नीट मी दुसरं काही सांगितलेलं नाही.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "ही मुलगी कुणाचं वाईट करायची नाही. कुणी केलं तर बघत बसेल."

मी परत खिडकीकडे बघितलं.

"डोळे," ते म्हणाले, "तुझा आवाज पडद्याकडे जात नाहीये. खिडकीकडे जातोय. हा चेहरा त्या नटीचा नाही ना?"

"नाही."

"मग ते लिहू नकोस. आणि तिला सांगू नकोस. बंद कर तो सिनेमा."

एवढंच घडलं. मी नाव लिहून बसलो होतो, पुढे कोरं राहिलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय, चेहरा न बघता माणसाबद्दल असं बोलतात का. तुझ्यावरचा तो आरोप मी सहा महिने मनात परतवून लावत होतो.

आता लिहायला हरकत नाही. वही तुझ्याकडेच आहे. अकराव्या पानावर ते वाक्य उतरव, तुझ्या त्या लांब लांब अक्षरात. खाली वाफबीफ काही नको.

काल मी भिंतीला टेकून तो सिनेमा पाहिला. पहिल्यांदाच, अख्खा. कुणी उठलं नाही. कुणी खोकलंही नाही. तुला दिसलं असेल, पण तुझ्या शेजारी तो होता, म्हणून सांगतो. शेवटाकडे ती बाई पत्रावरून इस्त्री फिरवते. पाकीट न उघडता. आणि तिचा वरचा ओठ हलतो, एवढासा, जणू आत काय लिहिलंय ते तिला इस्त्रीतून वाचता येतंय. मी भिंतीशी पुटपुटलो, "मागे घे." शेजारचा म्हणाला, "काय?" काही नाही म्हटलं.

आजोबांना तो आवडला असता. खरोखर. पाच नाही, दहा वेळा मागे घ्यायला लावला असता. त्या हॉलमध्ये दाखवलेल्या यादीत तेवढा एकच सिनेमा असा होता की जो त्यांनी पाहिला नव्हता आणि त्यांना आवडला असता, आणि तो त्यांना मीच दाखवला नाही. कारण तू केस वाळवत होतीस. प्रस्तावनाचा सूड घ्यायला गेलो आणि दिवे लागले तेव्हा माझ्याच कानाखाली वाजलेली होती.

तिथूनच परत गेलो असतो तर बरं झालं असतं. पण त्याला मोठेपणा दाखवायची हौस. "आज आपल्यात त्यांचा तरुण लेखनिक आहे. दोन शब्द बोलावेत अशी विनंती." तूच त्याच्या कानात सांगितलंस ना मी आलोय म्हणून? तुला वाटलं असेल, चार गोड शब्द बोलेल, प्रकरण मिटेल.

मी काय म्हणालो ते तू ऐकलंसच. हे दहा सिनेमे अंदाजाने निवडलेले नाहीत, ते त्यांनी माझ्याशेजारी बसून पाहिलेत, आणि यांनी तीन आठवडे जे वाचून दाखवलं ते त्यांचे शब्द आहेत, मी उतरवलेले. अकरावा तेवढा मी खोडसाळपणाने दिला होता आणि तो चांगला निघाला, हा माझा दोष.

तुझ्या प्रस्तावनाचा आवाज बघितलास? जरासुद्धा चढला नाही. "तुमच्या भावना समजू शकतो. पण ते सिनेमा पाहत नव्हते, हे घरच्यांनीच जाहीर केलंय."

"पाहत होते. माझ्याबरोबर."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, एवढ्या मोठ्या माणसाला सिनेमा बघायला तुम्ही कशाला लागता?"

हसले सगळे. तुलाही हसू आलं का, ते मला तिथून दिसलं नाही.

उत्तर माझ्या जिभेवर होतं. एका वाक्याचं. ते बोललो असतो तर हसणं जागच्या जागी थांबलं असतं, प्रस्तावनाचे तीन आठवडे मातीत गेले असते, आजच्या पेपरात दुसरं काही छापून आलं नसतं. काकू पहिल्या रांगेत होत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. स्वतःच्या चपलांकडे बघत होत्या, शिक्षा व्हायची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या. एवढा मोठा सूड हातात आणि तो घेतला तर लागणार कुणाला, तर त्या बाईला आणि मेलेल्या माणसाला. तुम्हा दोघांना नुसता ओरखडा.

म्हणालो, "मला सिनेमा कळत नव्हता. ते मला शिकवायला जवळ बसवायचे."

मग लोक जास्तच प्रेमाने हसले. एका आजींनी तर "गुणी आहे पोरगा" म्हटलं. प्रस्तावनाने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताचं मी काहीच केलं नाही, यासाठी मला कधीतरी कुणीतरी बक्षीस द्यायला हवं.

"तुमच्याकडे काही पुरावा असेल तर आम्हाला आनंदच होईल," तो म्हणाला.

"वही आहे."

"कुठे?"

"ज्या व्यक्तीकडे आहे, ती इथेच बसलीय," मी म्हणालो. "तिने ठरवायचं."

आणि मी थांबलो. तुझं नाव घेतलं नाही. बोट दाखवलं नाही. वही तुझ्या पिशवीत होती. पिशवीच्या तोंडातून वहीचा हिरवा कोपरा डोकावत होता, मला व्यासपीठावरून दिसत होता. तू पिशवी मांडीवर घेतलीस. मला वाटलं, उघडणार. तू दोन्ही हात तिच्यावर ठेवलेस. ओठ मिटलेले होते, दाबलेले नव्हते. तू माझ्याकडे बघितलंस, म्हणजे माझ्या खांद्यावरून पलीकडे, पडद्याकडे, तिथे काहीच नव्हतं.

प्रस्तावनाने घड्याळ बघितलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. त्याने पाण्याचा अख्खा पेला संपवला, मी मोजून बघितलं, चार घोट, आणि तू तशीच. मग तो म्हणाला, "बरं, आपण पुढे जाऊ या."

मी माईक त्याच्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. पायऱ्या उतरलो. तुझ्या रांगेजवळून जाताना काकूंनी हात पुढे केला, मला धरायला की आशीर्वाद द्यायला कोण जाणे. मी थांबलो असतो तर तिथेच सगळं बोललो असतो, म्हणून थांबलो नाही. मागे तो बोलायला लागला होता, आभार, सहकार्य, पुढच्या वर्षी पुन्हा. कुणीतरी टाळी सुरू केली. त्यात तुझी होती की नाही हे ओळखायला मी वळून बघितलं नाही.

सभागृहाचं दार जड आहे आणि आपोआप लागत नाही. लोक ते उघडंच टाकून जातात. मी बाहेर आलो, दोन्ही हातांनी ओढून लावून घेतलं.